मलिक अंबरची चौथी वही

न्यूझीलंडला जाऊन आलेली माणसं हिरव्या डोंगरांबद्दल, निळ्या तळ्यांबद्दल आणि मेंढ्यांबद्दल सांगतात. ते सगळं तिथे आहे, मी पाहिलं, खोटं नाही. पण मी मेंढ्या बघायला गेलेच नव्हते. मी एका माणसाला पकडायला गेले होते. हे वाचून कुणाला तिकडे जावंसं वाटलं तर त्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

माझा स्वभाव संशयी आहे. लपवण्यात अर्थ नाही, कारण माझ्या लेकीने जावयाला लग्नाआधीच तशी कल्पना देऊन ठेवली होती. औरंगाबादच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं त्या शाळेत कुणी नव्हतं. मान न वळवता नुसते डोळे वळवणारी मुलं मला पाठमोरी असली तरी कळायची.

माझे यजमान त्याच शाळेत इतिहास शिकवायचे. मेधा लग्न होऊन ऑकलंडला गेल्यावर आमच्या घरात तीन माणसं उरली. हे, मी आणि मलिक अंबर. मलिक अंबर म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा हबशी. आफ्रिकेत जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादचा बाजार बघून दख्खनला आला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. आमचं औरंगाबाद औरंगजेबाने वसवलं असं लोक समजतात. ते खडकी या नावाने अंबरने वसवलं आणि जमिनीखालून नहर खोदून शहराला पाणी पाजलं. ह्यांना तो माणूस इतका आवडायचा की जेवताना भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचं विसरून ते त्याच्या घोडदळाबद्दल बोलायचे. बावीस वर्षं ते त्याचं चरित्र लिहीत होते.

त्यांची लिहायची एक पद्धत होती. वहीच्या उजव्या पानावर शाईने मजकूर. डावं पान पुराव्यासाठी. रोज संध्याकाळी चहा झाला की त्या दिवशीचं मला वाचून दाखवायचे आणि मी सवयीने विचारायचे, "कशावरून?" ते निमूटपणे डाव्या पानावर पेन्सिलीने लिहायचे, 'सुमन : कशावरून?' उत्तर सापडलं की त्याखाली उत्तर यायचं. नाही सापडलं तर उजवीकडचं वाक्य खोडलं जायचं. "ही नसती तर पुस्तक दोन वर्षांत झालं असतं," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि मी चहा ओतता ओतता ऐकून घ्यायची.

अशा तीन वह्या भरल्या. चौथी सुरू झाली आणि वाचून दाखवणं बंद पडलं. मी विचारलं की म्हणायचे, "थांब, अजून कच्चं आहे." नंतर विचारलं तरी तेच. मग एका सकाळी अंघोळीला पाणी काढून ठेवलं तेवढ्या वेळात हे खुर्चीतच गेले. दिवसपाणी उरकल्यावर मी कपाट उघडलं तर वह्या तीनच. शाळेच्या शिपायाने सांगितलं की चौथी वही मुळे सर घेऊन गेले, न्यूझीलंडला जाताना.

मुळे सर म्हणजे ह्यांचे जुने मित्र. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, फारसीही वाचणारे. ह्यांना फारसी येत नसे, त्यामुळे जुनं काही वाचायचं तर मुळे सरांकडे धाव. त्यांचा मुलगा टौरंगा नावाच्या गावी बंदरात इंजिनियर, म्हणून निवृत्तीनंतर ते तिकडे गेले होते. मी त्यांना दोन पत्रं पाठवली. दोन्हींना मिळून एक उत्तर आलं. 'वही सुरक्षित आहे. वेळ आली की देईन.'

कसली वेळ? बावीस वर्षं एकाने घासली आणि वेळ दुसऱ्याने ठरवायची? मला बत्तीस वर्षांचा अनुभव सांगत होता की हा मुलगा डेस्कखाली काहीतरी लपवतोय. २००६ च्या फेब्रुवारीत मेधाने तिकीट पाठवलं तेव्हा मी बॅगेत सर्वांत खाली ह्यांच्या तीन वह्या घातल्या. अक्षर जुळवून दाखवायची वेळ आली तर जवळ असाव्यात म्हणून.

ऑकलंडचा विमानतळ

या देशाला परक्या मातीची फार भीती. विमानातच एक फॉर्म देतात आणि त्यात विचारतात की अन्न आणलंय का, बिया आणल्यात का, शेतात गेला होतात का. मी मेतकूट, गोडा मसाला आणि लोणचं लिहून टाकलं. चपलांना माती आहे का, असंही विचारलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी खुलताबादला अंबरच्या कबरीवर जाऊन आले होते. दर वर्षी ह्यांच्याबरोबर जायची, ह्यांच्यामागेही सवय राहिली. तेव्हा खोटं कशाला, मी 'हो' वर खूण केली.

काउंटरवरचा उंचापुरा ऑफिसर माझ्या चपला हातात घेऊन आत गेला. मेतकूट टेबलावर, मी अनवाणी आणि चपला गायब. मनात म्हटलं, झालं, आता काहीतरी लचांड मागे लागणार. दहा मिनिटांनी तो परत आला. चपला धुतलेल्या, कोरड्या करून कागदात गुंडाळलेल्या. "देअर यू गो, माय डिअर," म्हणाला. पुण्याच्या दुकानदाराने नव्या चपलाही मला इतक्या प्रेमाने दिल्या नव्हत्या. टॅक्सीत बसल्यावर मी त्या उलट्या करून तळ पाहिले. काही बदललेलं नव्हतं. खुलताबादची माती मात्र कणभरही उरली नव्हती आणि त्याचं मला उगाचच वाईट वाटलं.

ओटाहुहु

मेधाचं घर ओटाहुहुला, ऑकलंडच्या दक्षिणेला. मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं, तिथे आपल्या अळूच्या कांद्यासारखे पण नारळाएवढे कंद रचलेले, फुलाफुलांचे शर्ट घातलेले धिप्पाड सामोअन पुरुष, आणि त्यांच्यामधून कोथिंबीर शोधत फिरणाऱ्या आपल्या बायका. घरांना कुंपण गुडघ्याएवढं. दार दिवसभर नुसतं लोटलेलं. पहिले तीन दिवस मी जाता येता कडी लावायची आणि मेधा जाता येता काढायची.

चौथ्या दिवशी दाराशी प्लमची पिशवी. वर चिठ्ठी नाही, काही नाही. मी ती ओट्यावर ठेवली आणि मेधा ऑफिसातून येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

"अगं आई, शेजारच्या बाईंच्या झाडाचे आहेत. त्यांच्याकडे हीप्स लागलेत, अगदी ढिगाने."

"मग आपल्याला का?"

"जास्त झाले म्हणून."

"आज प्लम देतील, उद्या काय मागतील?"

"काही नाही मागत गं इथे कुणी." माझी नात इरा तोवर तिसरा प्लम खात होती. "आजी, दे आर जस्ट प्लम्स," ती म्हणाली. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे तिच्याशी भांडता येत नाही.

त्याच संध्याकाळी निखिल, म्हणजे माझे जावई, लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसले. "आई, तुम्ही त्या मुळे काकांबद्दल विचारत होतात ना? हा बघा मेल. टौरंगातल्या मराठी लोकांचा कार्यक्रम आहे रविवारी."

मी चष्मा लावून वाचलं. 'मलिक अंबर : गुलाम ते राज्यकर्ता. व्याख्याते : श्री. मुळे सर.' खाली 'व्याख्यानानंतर अल्पोपाहार, कृपया वेळेवर यावे.' मी पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. ह्यांचं नाव कुठेच नव्हतं.

नवरा गेल्याचं दुःख मी मुकाट गिळलं होतं, पण हे मला गिळता येईना. ज्याच्यासाठी ह्यांनी दिवाळीच्या सुट्ट्या जाळल्या, ते परक्या देशात दुसऱ्याच्या नावावर खपणार होतं. "मला घेऊन चला," मी म्हटलं.

"नक्की. स्वीट अ‍ॅज," निखिल म्हणाले, म्हणजे तिकडच्या बोलीत 'एकदम छान'. "पण आई, तिथे जाऊन तुम्ही भांडणार नाही ना?"

"मी फक्त प्रश्न विचारणार," मी म्हटलं. मेधाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला तो प्रश्न ठाऊक होता.

वाटेवर

मी मनातल्या मनात बेत पक्का केला. व्याख्यान होऊ द्यायचं. सगळ्यांच्या टाळ्या पडू द्यायच्या. मग उभं राहायचं, तिन्ही वह्या काढायच्या आणि भरसभेत विचारायचं. टौरंगात मराठी माणसं ती किती, पन्नास-साठ. त्यांच्यासमोर एकदा तोंड काळं झालं की मुळे सरांना त्या गावात बाजारालाही निघता आलं नसतं. मला ते ठाऊक होतं आणि मला तेच हवं होतं.

टौरंगा जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडांच्या उंच भिंती सुरू होतात. सायप्रससारखी झाडं दाटीने लावून वरून सरळ कापलेली. आत काय चाललंय ते दिसत नाही. आत किवीचे मांडव आहेत, वाऱ्यापासून जपायला ही कुंपणं, असं निखिल म्हणाले. माझा विश्वास बसायला वेळ लागला. एवढं झाकून ठेवायला त्यात काय आहे, असंच वाटत होतं.

एका ठिकाणी रस्त्याकडेला मांडणीवर मक्याची कणसं ठेवलेली, शेजारी पत्र्याचा डबा, डब्याला फट. माणूस नाही. निखिलने नाणी फटीत टाकली आणि कणसं उचलली.

"मालक कुठाय?"

"घरात असेल. हा ऑनेस्टी बॉक्स आहे, आई. आपण आपलं टाकायचं आणि न्यायचं."

मी झाडाआड कुणी बसलंय का ते पाहिलं. मांडणीच्या मागे पाहिलं. आपल्याकडे देवासमोरच्या पेटीलाही कुलूप असतं. तेवढ्यात एक गाडी थांबली, एक बाई उतरली, तिने पैसे टाकले, कणसं घेतली आणि माझ्याकडे बघून तिथला नमस्कार, "किआ ओरा" म्हणाली. मीही म्हटलं. पण ती किती टाकते ते मी पाहिलंच होतं.

टौरंगा

निखिलने आधीच फोन केला होता आणि आमचा मुक्काम मुळे सरांकडेच ठरला होता, ते फाटकातच उभे होते. अंगावर स्वेटर, पायात रबरी सपाता, ज्यांना तिथे जँडल्स म्हणतात. खूप वाळले होते. मला बघून त्यांचे डोळे भरून आले आणि मी मनाशी म्हटलं, सुमन, फसायचं नाही.

"या वहिनी, या. दोन वर्षं झाली वाट बघायलोय."

त्यांची सून अश्विनी मूळची पुण्याची, हसतमुख. तिने भाताबरोबर आमटी आणि भोपळ्याचं भरीत केलं होतं, आणि बंदरावरून आणलेला मासा आमच्यासाठी न करता बाजूला ठेवला होता. शाकाहारी माणसांची एवढी काळजी पाहून खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. मी पहिला घास घेतला आणि सरळ विचारलं, "सर, वही?"

मुळे सरांचा घास हातातच राहिला. "आहे, वहिनी. आहे."

"मग बघू द्या."

"उद्या. उद्याचा कार्यक्रम होऊ द्या आधी." आणि लगेच निखिलकडे वळून त्यांनी बंदराची माहिती सुरू केली, लाकडाचे ओंडके कसे जपानला जातात आणि पावडर दुधाची पोती किती उंच रचतात. भर वर्गात प्रश्न विचारल्यावर खिडकीबाहेर बघणारा मुलगा मी ओळखते. जेवण होईपर्यंत त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

भांडी आवरताना मी अश्विनीला सहज विचारावं तसं विचारलं, "सर दिवसभर काय करतात गं?"

"लिहितात. लायब्ररीतून पुस्तकं मागवतात, इथल्या लायब्ररीला सांगितलं की कुठल्याही देशातून आणून देतात ना. खोलीत बसतात आणि एका जुन्या वहीत लिहितात. आम्ही गेलो की झाकून ठेवतात." ती हसली. "आम्हाला वाटतं आत्मचरित्र लिहितायत."

मी हातातलं पातेलं पुन्हा एकदा घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळे सर फिरायला गेले. अश्विनी मेधाला आणि इराला घेऊन दुकानात गेली, निखिल गाडी पुसत होते. आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते. मी मुळे सरांच्या खोलीत शिरले. या देशात खोल्यांना कुलपं नसतात याचा पहिल्यांदा मला उपयोग झाला. टेबलाच्या खणात, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेली, ह्यांची वही होती. निळा कापडी पुठ्ठा, कोपऱ्यात शाईचा डाग. तो डाग माझ्यामुळे पडला होता, मी घाईत चहा ठेवताना दौत कलंडली होती.

मी वही मधेच उघडली. मुळे सरांचं अक्षर. पान उलटलं, मुळे सरांचं अक्षर. आणखी उलटलं, तेच बारीक, निळं, उजवीकडे झुकलेलं अक्षर, ओळीमागून ओळ. बाहेर फाटक वाजलं. मला दुसरं काही बघायची गरजच वाटली नाही. कॉपी सापडली की पुरावा आधी जप्त करायचा असतो. मी वही उचलली, खण लावला आणि माझ्या पिशवीत स्वेटरखाली दडवली.

दुपारी निघायच्या आधी मुळे सरांच्या खोलीतून खण उघडल्याचे, लावल्याचे आवाज येऊ लागले. मी दिवाणखान्यात पिशवी मांडीवर घेऊन बसून होते. ते बाहेर आले तेव्हा घामाघूम झालेले. "बाबा, काय शोधताय?" अश्विनीने विचारलं.

"काही नाही, काही नाही. चला, उशीर होईल." ते म्हणाले आणि त्यांनी सोफ्याखाली वाकून पाहिलं. चोराची तारांबळ मी शांतपणे बघत होते. मला आनंद होत होता, हेही सांगते.

चर्चच्या मागचा हॉल

हॉल एका चर्चच्या मागे होता. पन्नासेक माणसं आली होती. पुण्या-मुंबईची तरुण इंजिनियर मंडळी, त्यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेले आमच्या वयाचे आईवडील, आणि पाठीमागे पकडापकडी खेळणारी मुलं. एका टेबलावर बटाटेवडे आणि त्यांच्या शेजारी खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन. मी पहिल्या रांगेत बसले. पिशवी मांडीवर.

मुळे सर कागदाशिवाय उभे राहिले. दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"मला इतिहासातलं फारसं कळत नाही," ते म्हणाले. "मी फक्त फारसी वाचतो. आज मी जे सांगणार आहे ते माझे मित्र टाकळकर मास्तर यांचं आहे. पत्रकावर त्यांचं नाव टाकायला सांगितलं होतं मी, पण ते राहून गेलं. म्हणून आधीच सांगतो."

टाकळकर मास्तर म्हणजे हेच. माझ्या बेताला पहिला तडा तिथे गेला. पण मी स्वतःला समजावलं. एकदा नाव घेऊन उरलेलं सगळं आपल्या नावावर घेणारेही असतात.

ते बोलू लागले. गुलामांच्या बाजारात उभा केलेला मुलगा, ज्याचं जन्मनावही मालकाने बदललं. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा, तोही हबशी, आणि त्याच्या हाताखाली हिशेब, फौज आणि राज्य शिकलेला अंबर. मालक वारल्यावर दारोदार भटकलेला आणि मग मूठभर स्वार जमवून उभा राहिलेला. अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर राज्य संपलं असं सगळे समजले. अंबरने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून गादीवर बसवला आणि पंचवीस वर्षं मोगलांना हैराण केलं. उघड्यावर लढायचं नाही, रसद तोडायची, डोंगरात ओढायचं. मालोजीराजे आणि शहाजीराजे याच माणसाच्या बाजूने लढले. भातवडीला त्याने तळ्याचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि मोगल आणि विजापूरकर या दोघांना एकाच रणात हरवलं. जहांगीर बादशहा इतका चिडलेला की त्याने अंबरच्या मुंडक्यावर स्वतः बाण मारतानाचं चित्र काढून घेतलं. खरं मुंडकं काही हाती लागलं नाही, चित्रावर समाधान मानलं. मुलं खेळायची थांबून ऐकत होती.

दर चार वाक्यांनी ते म्हणत होते, "मास्तर म्हणायचे." ह्यांचे शब्द, ह्यांचे विराम, ह्यांची ती हात उडवायची लकब सुद्धा. डोळ्यांपुढे हे उभे राहिले आणि मला बसवेना. पण पिशवीतली वही मांडीला टोचत होती.

"आणि एक गोष्ट," मुळे सर म्हणाले. "एवढं सगळं हातात असून अंबर स्वतः कधी गादीवर बसला नाही. राज्य चालवलं ते दुसऱ्याच्या नावाने. आता यातली अवघड जागा सांगतो. ज्या मुर्तजाला त्याने गादीवर बसवलं, त्यालाच आपली मुलगी दिली. पुढे त्या मुर्तजाच्या दुसऱ्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. त्यानंतर मुर्तजा मेला. अंबरने विष घातलं असं एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, ऐकीव. खरं काय? मास्तरांची चौथी वही या जागी येऊन थांबली. ज्या माणसावर त्यांनी बावीस वर्षं जीव लावला, त्याला खुनी लिहायचं की नाही? ते मला म्हणाले, मुळे, तुम्ही न्यूझीलंडला चाललात, तिथे म्हणे पुस्तकं मिळतात. पुरावा शोधा. पुराव्याशिवाय ही वही हिला दाखवायची नाही. तिने विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे."

हॉलमध्ये काही जण हसले. मी हसले नाही.

"माझं काम मागच्या महिन्यात संपलं. टाकळकर वहिनी आज इथे बसलेल्या आहेत. ती वही तुम्हा सगळ्यांसमोर त्यांच्या हातात द्यायची असं मी ठरवलं होतं. म्हणून काल त्यांनी मागितली तरी दिली नाही, वहिनी, माफ करा." त्यांनी रिकामे हात पुढे केले. "पण सकाळपासून शोधायलोय. वही सापडत नाही. दोन वर्षं जपली आणि आज हरवली माझ्या हातून."

अश्विनीने तोंडावर हात ठेवला. मी उभी राहण्यासाठीच आले होते आणि उभी राहिले. फक्त माझ्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं. मी पिशवीत हात घालून स्वेटर बाजूला केला आणि वही वर काढली.

मुळे सरांनी वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एका क्षणात त्यांना सगळं कळलं, मी त्यांच्या डोळ्यांत ते पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"घ्या! अहो, सकाळी फिरायला जाताना मीच नाही का वहिनींकडे दिली? वय झालं हो माझं. चहात साखर घातली की नाही तेही आठवत नाही हल्ली."

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "वाचून दाखवा ना, काकू."

मी वही उघडली. या वेळी सुरुवातीपासून. उजवीकडे ह्यांचं अक्षर, शाईने, ओळखीचं. मग ती जागा आली. उजव्या पानावर एकच ओळ होती, 'अंबरने मुर्तजाला विष दिलं.' ही ओळ त्यांनी मला कधी वाचून दाखवली नव्हती. आणि डाव्या पानावर त्यांच्याच हाताने, पेन्सिलीने, 'सुमन : कशावरून?' मी शेजारी नसताना त्यांनी माझा प्रश्न स्वतःला विचारला होता.

पुढचं पान उलटलं. मुळे सरांचं अक्षर, डावीकडे. आणखी एक, डावीकडे. चाळीस पानं मुळे सरांनी भरली होती, कुठल्या ग्रंथात काय आहे, कोण बोलतं, कोण गप्प आहे, फारसी ओळ आणि खाली मराठी. सगळं डावीकडे. उजवी पानं सगळी कोरी. त्यांनी ह्यांच्या जागेवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. बावीस वर्षं उजवं-डावं माझ्यासमोर चाललं आणि सकाळी त्या खोलीत अक्षर कुणाचं एवढंच मी पाहिलं, पान कुठलं ते पाहिलं नाही.

मला वाचवेना. मी शेवटची नोंद तेवढी वाचली. 'विष दिल्याचा प्रत्यक्ष पुरावा नाही. न दिल्याचाही नाही. उजवीकडचं वाक्य ठेवायचं की खोडायचं ते वहिनींनी ठरवावं.'

कार्यक्रम संपल्यावर तिथे एक रीत आहे. आचारी नाही, वाढपी नाही, सगळेच बाह्या सरसावतात. व्याख्यात्यालाही सूट नसते. मी सिंकशी उभी राहून कप धुवायला लागले आणि मुळे सर शेजारी येऊन, किवी पक्ष्याचं चित्र असलेलं फडकं घेऊन पुसायला लागले. औरंगाबादला त्यांनी कधी पाण्याचा ग्लासही हलवला नसेल. पाठीमागे मुलांचा गोंधळ चालला होता. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"सर," मी म्हटलं. नळ सोडून ठेवला, म्हणजे आवाज कुणाला जाणार नाही. "सकाळी तुम्ही वही दिली नव्हती. मी तुमच्या खोलीत शिरून ती चोरली. मला वाटलं तुम्ही ह्यांचं पुस्तक लाटताय. आज सगळ्यांसमोर तुमची अब्रू काढायची होती मला."

मुळे सरांनी हातातला कप आतून पुसला, बाहेरून पुसला, कान पुसला आणि रांगेत नीट लावून ठेवला.

"कशावरून, वहिनी?" ते म्हणाले.

आणि त्यांनी पुढच्या कपासाठी हात पुढे केला.